खाऱ्या हवेत तैलरंग: असोल्या नारळापासून समुद्रापर्यंत

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे वस्तुचित्र हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. बादली, तिच्या काठावर टाकलेला पंचा, शेजारी दोन वांगी. बहुतेकांची चित्रकला तिथेच थांबते, माझीही थांबली होती. चाळिशी उलटल्यावर तैलरंगाची पहिली ट्यूब उघडली आणि इंग्रजी पुस्तकांवरून शिकायला बसले. पहिल्याच वर्षी कळलं की त्या पुस्तकांतली हवा आणि त्यांतला सूर्य मालवणचा नाही. उत्तरेच्या खिडकीपाशी बसा, तिथे ऊन येत नाही, असं पुस्तक सांगत होतं. मे महिन्यात त्याच खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन माझ्या तांब्यावर येऊन बसायचं. पातळ लावलेला रंग चार-पाच दिवसांत वाळेल म्हणे. जुलैत तीन आठवडे बोटाला रंग लागत होता.

तेव्हा हे सगळं कोकणात बसून तैलरंग शिकणाऱ्यांसाठी. पेन्सिलीने मडकं बऱ्यापैकी उभं करता येत असेल तर तेवढ्या तयारीवर सुरुवात करता येते.

खरेदी: थोडी, पण नेमकी

बारा ट्यूबांचा तयार संच घेऊ नका. त्यात दोन-तीन हिरवे आणि एक काळा असतो, आणि नवशिक्याचं चित्र बिघडवायला तेवढे पुरतात. सुट्या ट्यूब घ्या: टायटॅनियम व्हाइट (मोठी, कारण तीच आधी संपते), लेमन यलो, यलो ऑकर, एक शेंदरी झाकेचा लाल, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर. नववी ट्यूब व्हिरिडियनची, पण ती निसर्गचित्राला लागाल तेव्हा. काळा घेऊच नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून जो काळा होतो तो जिवंत असतो, आणि हवा तसा निळसर किंवा तपकिरी करता येतो. कॅम्लिनचे रंग शिकायला व्यवस्थित चालतात. परदेशी ट्यूबांचा मोह दोन वर्षांनी करा.

बर्न्ट सिएनाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण कोकणात ही ट्यूब सर्वांत लाडकी होणार आहे. सिएना म्हणजे लोहयुक्त माती. ती भाजली की तांबूस होते. आपल्या जांभ्याचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच. म्हणजे चिऱ्याची भिंत, गडगा, विहिरीचा काठ, लाल मातीची पाणंद हे सगळं रंगवताना तुम्ही जवळजवळ तोच पदार्थ कॅनव्हासवर लावत असता.

ब्रश राठ केसांचे, चपटे, तीन मापांचे: बारीक, मध्यम आणि तुम्हाला वाटतो त्याहून एक नंबर मोठा. एक बारीक गोल ब्रश सहीसाठी आणि डोलकाठ्यांसाठी. एक पॅलेट नाइफ. पॅलेट म्हणून करड्या कागदावर ठेवलेली काच उत्तम, कारण रंग कसा दिसेल याचा अंदाज पांढऱ्या फरशीवर चुकतो.

जवसाचं तेल चित्रकलेच्या दुकानातलंच, रिफाइंड घ्या. हार्डवेअरवाल्याकडचं ‘डबल बॉइल्ड’ लाकडासाठी असतं. त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते फार पिवळं पडतं. खोबरेलाचा विचारही मनात आणू नका. हे सांगायची वेळ येते, कारण आपल्या घरात तेल म्हटलं की हात आधी त्याच बाटलीकडे जातो. खोबरेल कधीच वाळत नाही. रंगात थेंबभर गेलं तरी तेवढी जागा महिनोन्महिने चिकट राहील. ब्रश आणि हात पुसायला मात्र ते झकास आहे. ब्रशमधला रंग खोबरेलाने सोडवा, फडक्याला पुसा, मग साबणाने दोनदा धुऊन तेलाचा अंश काढून टाका.

कॅनव्हासवर पैसे घालू नका. पहिली वीस चित्रं जाड ड्रॉइंग पेपरवर करा, २०×२५ सेंटिमीटरच्या तुकड्यांवर. कागदाला ॲक्रिलिक जेसोचे (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, नाहीतर कागद तेल पिऊन पुढे ठिसूळ होतो. कॅनव्हास घरी करायचा असेल तर मांजरपाट चौकटीवर ताणून त्याला जेसोचे तीन हात द्या. हार्डबोर्ड आणि स्वस्त कॅनव्हास-बोर्ड कोकणात कडांपासून फुगतात. घेतलेच तर मागची बाजू आणि कडाही जेसोने बंद करा.

रंग वाळतो म्हणजे काय होतं

जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो. तैलरंगातलं तेल उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं, म्हणजे वाळतं म्हणण्यापेक्षा विरजण लागावं तसं लागतं म्हणा. या एका गोष्टीतून बाकीचे नियम आपोआप निघतात.

पहिला नियम: खालचा हात पातळ, वरचा तेलकट. पहिल्या हाताला रंगात टर्पेंटाइन, तेल नाही. दुसऱ्या हाताला रंग ट्यूबमधून आला तसाच. शेवटच्या हाताला हवं तर दोन-चार थेंब तेल. उलट केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मागाहून हलत राहतो आणि वरती तडे जातात.

दुसरा: सगळे रंग एका वेगाने वाळत नाहीत. अंबर आणि सिएना ही मातीची मंडळी एक-दोन दिवसांत कोरडी होतात. टायटॅनियम व्हाइट आणि क्रिमसन रेंगाळतात. म्हणून पहिला हात नेहमी मातीच्या रंगांचा. पावसाळ्यात प्रत्येक मुदत दुप्पट धरा आणि तारीख बघण्यापेक्षा कडेला बोट लावून बघा.

तिसरा नियम चित्राचा नाही, घराचा आहे. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आतल्या आत तापून स्वतःहून पेटू शकतात. फडकी बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. टर्पेंटाइनची बरणी उघडी ठेवून बंद खोलीत बसू नका. पाऊस आडवा येतोय म्हणून खिडक्या लावाव्याच लागल्या तर त्या दिवशी नुसतं रेखाटन करा.

पहिलं वस्तुचित्र: दोन रंग, तीन वस्तू

एक असोला नारळ, एक मातीचं मडकं, एक पांढरा कप. यात मऊ, खरखरीत आणि गुळगुळीत असे तीन पृष्ठभाग आले आणि काळसर, मधला आणि उजळ असे तीन टोनही आले. पितळेचा दिवा किंवा स्टीलचा पेला अजून नको. त्यात अख्खी खोली दिसते आणि माणूस वस्तू सोडून खोली रंगवत बसतो.

उजेड एकाच बाजूने यायला हवा. पडवी सोयीची वाटते, पण तिथे तीन बाजूंनी उजेड येतो आणि सावल्या पुसट होतात. माजघरातली एक खिडकी उघडी ठेवा, बाकीच्या बंद करा, दिवा लावू नका. खिडकी उत्तरेची चालेल, पण वर्षभर नाही. मालवणच्या अक्षांशावर साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आपल्या उत्तरेलाच असतो. त्या तीन महिन्यांत दक्षिणेची खिडकी धरा. वस्तू एका बाजूने कापलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मांडल्या तर भिंतींवरून येणारा परावर्तित उजेडही अडतो.

रंग फक्त दोन: बर्न्ट अंबर आणि टायटॅनियम व्हाइट. पुष्कळांना इथे कंटाळा येतो आणि ते सरळ रंगांकडे उडी मारतात. त्यांची चित्रं मी पाहिली आहेत, माझीच पहिली दहा तशी होती: नारळ हिरवा, मडकं तांबडं, आणि दोन्ही पापडासारखी सपाट. वस्तूला गोलाई उजेड-अंधारातून येते, रंगातून येत नाही.

कामाचा क्रम असा. अंबरमध्ये भरपूर टर्पेंटाइन घालून कागदावर पातळ हात फिरवा आणि फडक्याने पुसून घ्या. पांढरा भगभगीतपणा गेला की टोन ओळखणं सोपं जातं. त्यावर बारीक ब्रशने, पातळ अंबरने रेखाटन. हात सरळ ताणून ब्रशच्या दांड्यावर अंगठ्याने माप घ्या: नारळाच्या उंचीत मडकं किती वेळा बसतं, कप कुठपर्यंत येतो. मडक्याच्या तोंडाची लंबगोल कड दोन्ही टोकांना टोकदार काढू नका. ती वळते, मोडत नाही.

आता डोळे किलकिले करून बघा. बारीकसारीक सगळं नाहीसं होतं आणि दोन-तीन मोठे काळे-उजळ आकार उरतात. आधी सगळ्या सावल्या एकाच टोनने भरा, नारळाची आणि टेबलावरची सावली एकमेकींत मिसळू द्या. मग उजेडाचा भाग पांढरा मिसळून जाडसर लावा. दोन्हींच्या सीमेवर एक मधला टोन. नारळावर ही सीमा हळूच विरघळते, कपावर पटकन तुटते, आणि मातीच्या मडक्यावर किंचित दाणेदार राहते. बहुतेक वेळ इथेच घालवा. कडा कुठे तीक्ष्ण ठेवायची आणि कुठे हरवू द्यायची हे ज्याला जमलं त्याला निम्मं वस्तुचित्र आलं. कपावरचा चमकदार ठिपका सगळ्यांत शेवटी, जाड रंगाचा, एका फटक्यात. तो घासत बसलात तर मळतो.

अशी सहा-सात चित्रं होईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता रंग, आणि सावंतवाडीची फळं

रंग आल्यावर एक अडचण उभी राहते: कोकणातली सुंदर वस्तू थांबत नाही. जास्वंद संध्याकाळी मिटते, रातांबा दोन दिवसांत सुरकुततो, आणि हापूस तर आपण चित्र काढतोय हे घरातल्यांना मान्यच नसतं. बांगडा एका बैठकीतच संपवावा लागतो. त्याच्या पाठीवरचा निळा-हिरवा झळाळ तासाभरात मावळतो, शिवाय मांजर आहेच. असल्या विषयांसाठी ओल्यावर ओला रंग लावून एकाच बैठकीत चित्र पुरं करायची सवय ठेवा.

अनेक दिवस चालणाऱ्या चित्रासाठी सावंतवाडीच्या चितारआळीतली रंगवलेली लाकडी फळं आणा. ती सडत नाहीत आणि कितीही महिने तशीच बसून राहतात. रचना, माप, सावली शिकायला फारच सोयीची. पण त्यांच्यावर थांबू नका. खऱ्या आंब्याच्या सालीत उजेड थोडा आत शिरतो, म्हणून सावलीच्या सीमेवर त्याचा रंग उलट जास्त केशरी दिसतो. लाकडी आंब्यावर तो नुसता परततो. दोन्ही शेजारी ठेवून एकदा रंगवा.

सावंतवाडीचा विषय निघालाच आहे तर, सा. ल. हळदणकर मूळचे तिथलेच. हातात समई घेतलेल्या मुलीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्याची छापील प्रत पाहून अनेकजण ते तैलचित्र समजतात. ते जलरंगातलं आहे. अंधार किती गडद ठेवला म्हणजे ज्योत उजळते, हे माध्यम कुठलंही असलं तरी त्या चित्राकडून शिकता येतं.

तांब्याचा तांब्या या टप्प्यावर घ्या. मधला टोन बर्न्ट सिएना आणि थोडा शेंदरी लाल. सावलीत सिएना, अल्ट्रामरीन आणि चिमूटभर क्रिमसन. उजेडाला नुसता पांढरा मिसळला की तांब्या गुलाबी प्लास्टिकचा होतो. आधी यलो ऑकर घाला, मग पांढरा. त्याच्यावरची चमक मात्र खिडकीतल्या आकाशाची असते, म्हणून तिच्यात निळ्याचा थेंब.

बाहेर पडताना

निसर्गचित्राला जागा शोधण्याआधी वेळ शोधा. मेच्या दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, माडाची सावली त्याच्या बुंध्यापाशीच गोळा होते आणि सगळं दृश्य पांढरं पडतं. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ सोन्यासारखी. समुद्र आपल्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळी ऊन पाठीवरून येतं. किल्ला, होड्या, लाटा सगळं समोरून उजळलेलं. संध्याकाळी तेच दृश्य उजेडाच्या विरुद्ध दिसतं, काळ्या आकृत्या आणि मागे चकाकतं पाणी. नवशिक्याला संध्याकाळ भुरळ घालते, पण रंग शिकायचे तर सकाळ.

सकाळचं आणखी एक कारण शाळेच्या भूगोलात आहे. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे जातात, उन्हं चढली की खारे वारे उलटे फिरतात आणि वाळू थेट ओल्या रंगावर येऊन बसते. ईझलच्या, म्हणजे चित्र ठेवायच्या घोडीच्या, मधोमध पिशवीत जांभ्याचा एक दगड टांगून ठेवा, वाऱ्याने हलत नाही. छत्री काळी न्या; निळी-लाल छत्री कागदावर स्वतःचा रंग पाडते. आणि माडाखाली ईझल लावू नका. सावली कितीही छान असो, वर नारळ आहेत.

किनाऱ्यावर बसणार असाल तर भरतीचा हिशोब घरूनच करून निघा. आपल्याकडचा जुना ठोकताळा सोपा आहे: तिथीचं पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. दशमीला साडेसात, चतुर्थीला तीन. ओहोटी साधारण सहा तासांनी. दशमीच्या सकाळी ओल्या वाळूतलं प्रतिबिंब रंगवायला गेलात तर पाय भिजवून परत याल.

पुठ्ठ्यात आयताकृती खिडकी कापून तिच्यातून दृश्य निवडा. अख्खा सिंधुदुर्ग किल्ला, दहा होड्या आणि माडांची रांग हे सगळं एका चित्रात कोंबू नका. एक होडी आणि तिच्या मागे पाण्याचा पट्टा, पुरे. क्षितिजाची रेष पट्टी लावून आडवी करा. ती एक मिलिमीटर कलली तरी समुद्र सांडतो. मग घरच्यासारखंच: पातळ सिएनाची जमीन, मोठे आकार, सावल्या, उजेड, शेवटी तपशील. दोन तास झाले की थांबा. तोवर सावल्या सरकलेल्या असतात, आणि पुढे रंगवत राहिलात तर एका चित्रात दोन सूर्य होतात.

मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर एकदा मी अशीच होडी रंगवत होते. जाळं सांधत बसलेले एक आबा मागे येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बाय, तुजी व्हडी पाण्यात खंय असा? ती तर वाऱ्यार असा.” खरं होतं. होडी पाण्याला टेकते तिथली गडद रेष आणि खालची मोडकी सावली मी सोडली होती. तेव्हापासून प्रत्येक वस्तूचा टेका आधी रंगवते.

हिरवा, तांबडा आणि समुद्र

कोकणातल्या चित्रांचा घात हिरवा करतो. सगळीकडे तो आहे आणि ट्यूबमधून काढलेला कुठलाच त्यासारखा नाही. एक सकाळ खर्च करून हिरव्यांचा तक्ता बनवा: वरच्या ओळीत लेमन यलो आणि ऑकर, उभ्या ओळीत अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन, आणि प्रत्येक मिश्रणाचा अर्धा भाग बर्न्ट सिएनाच्या टिपक्याने मळवलेला. सिएना हिरव्याचा कर्कशपणा मारते. लावणीनंतरची भातशेती म्हणजे लेमन यलोत व्हिरिडियनचा जेमतेम स्पर्श. आंब्याचं जुनं झाड व्हिरिडियन आणि सिएनाचं, जवळजवळ काळं. नवी पालवी तर हिरवी नसतेच, तांबूस असते. माडाची झावळी चकचकीत, म्हणून वरून आकाश घेऊन निळसर-पांढरी दिसते. ऊन तिच्या मागून आलं की तीच पिवळीजर्द होते. झावळीची पाती एकेक मोजून काढू नका. मधला दांडा एका फटक्यात, मग चपट्या ब्रशच्या धारेने खाली लोंबणारे समूह.

चिऱ्याच्या भिंतीवर ऊन असेल तर सिएना, ऑकर आणि पांढरा. सावलीत सिएनात अल्ट्रामरीन. जुन्या चिऱ्यावर काळपट शेवाळी थर असतो, तो ब्रश कोरडा करून वरून अलगद ओढा, खालचा तांबडा मधून दिसत राहील.

समुद्र निळा असतो हे विसरा. पावसाळ्यात तो मातकट करडा, खाडीच्या तोंडाशी हिरवट, उन्हाळ्यातल्या दमट दुपारी आकाशाएवढाच पांढुरका असतो. हवेत बाष्प असल्यामुळे लांबची टेकडी पटकन फिकट, निळी होते. प्रत्येक मागच्या टेकडीला थोडा पांढरा आणि निळा वाढवत गेलात की खोली आपोआप येते. ओली वाळू कोरडीपेक्षा नेहमी गडद. फेस सावलीत करडा-निळसर असतो. शुद्ध पांढरा फक्त उन्हातल्या एक-दोन कडांना राखून ठेवा.

पावसाळा आणि बुरशी

जूनपासून पडवीत बसून रंगवता येतं, आणि तैलरंगाचा इथे मोठा फायदा आहे: चार शिंतोडे उडाले तरी जलरंगासारखं चित्र वाहून जात नाही, पाणी मोत्यासारखं घरंगळतं. मात्र ओल धरलेल्या कागदावर नवा रंग लावू नका, तो पकड घेत नाही.

वाळत असलेली चित्रं अंधारात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात आणलं की बराचसा पिवळेपणा परत जातो. प्लास्टिकमध्ये गुंडाळणं सर्वांत वाईट. मी एका जुलैत पाच चित्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवली होती. गणपतीत काढली तेव्हा पाठीवर हिरवट-पांढरी लव आली होती. आता चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवते, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. बुरशी आलीच तर नाकाला फडकं बांधून चित्र बाहेर न्या आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावू नका. सैल पडलेला कॅनव्हास ताणायला चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरीही पावसात ठोकू नका. थंडीत तो पुन्हा ताणला जातो आणि आधीच ठोकलेला असेल तर फार ताणतो.

वार्निशची घाई नको. जाड रंगाच्या चित्राला किमान सहा महिने, शक्यतो वर्ष. आणि दिवस निवडायचा तो जानेवारी-फेब्रुवारीतला, कोरडा, दुपारचा. दमट हवेत लावलेल्या वार्निशवर धुक्यासारखी पांढरी झाक धरते. चित्र आडवं ठेवा, रुंद मऊ ब्रशने एका दिशेने पातळ हात द्या, वर धूळ पडू नये म्हणून टेबलाच्या दोन बाजूंना पुस्तकं रचून पुठ्ठा ठेवा, आणि मांजराला दुसऱ्या खोलीत कोंडा.